आबाजींचा डोंगा : दुरुस्तीच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४

डोंगा आला, एकाच खोडातून कोरलेली होडी. भंडारा जिल्ह्यातल्या मामाच्या गावाहून पवनी, भिवापूर, उमरेड करत छोट्या हत्तीत आणला. लांबी गाडीच्या हौद्यात बसेना, म्हणून मागचा फाळका उघडा ठेवला आणि टोकाला लाल फडकं बांधलं. भिवापूरला चहाला थांबलो, तर मिरचीची पोती चढवणारी माणसं गाडीभोवती जमली. त्यांतल्या एका म्हाताऱ्यानं काठावर बोटाचं पेर वाजवलं, कान लावला आणि म्हणाला, "बिजा असन." लाकडाचं नाव तेवढं सांगून पुन्हा पोत्याखाली गेला.

आबाजी, माझ्या आईचे वडील, गेल्यावर मामानं पत्र्याचा डोंगा घेतला आणि हा गोठ्यात गेला. वीस वर्षं त्यात गुरांनी कुटार खाल्लं. आता गोठा पाडून तिथं घरकुल बांधायचं आहे. मामाचा फोन आला होता, "नेतेस का पोरी, नाईतर चुलीत जाईन." मी रात्रभर विचार केला नाही. सकाळी गाडीवाल्याशी भाव ठरवला.

जागा नागपूरच्या लाकूडबाजारात, लकडगंजात मिळाली आहे. ओळखीच्या सुतार मिस्त्रींच्या शेडचा मागचा कोपरा, वर टिनाचं छप्पर, बाजूला नळ. पावसाळ्यापर्यंत डोंगा पाण्यात तरंगेल असा करायचा, आणि करताना त्याच्या अंगावरची प्रत्येक खूण लिहून ठेवायची, एवढं काम ठरवलं आहे. मी ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढते. आमच्या घरच्या वस्तूचा नकाशा काढण्याची ही पहिलीच वेळ.

१५ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ वाटून झाल्यावर मापं घेतली.

लांबी १३ फूट ८ इंच. मध्यावर रुंदी २२ इंच, पुढच्या टोकाला १४, मागच्या टोकाला १७. बाहेरून उंची १६ इंच. तळ अडीच इंच जाड, भिंती वर येता येता सव्वा इंचावर आलेल्या. दोन्ही टोकं भरीव ठेवलेली, मागचं टोक बसायला पुरेल इतकं रुंद. तळ बाहेरून सपाट तासलेला, कडा मात्र गोल. कुठेही जोड नाही, खिळा नाही. एकच खोड.

वजन काल येतानाच धर्मकाट्यावर करून घेतलं होतं. भरलेली गाडी वजा रिकामी गाडी, १८० किलो.

२१ जानेवारी

लाकडाची खात्री झाली. मिस्त्रींनी आतल्या बाजूनं पटाशीनं चार पातळ छिलके काढले. वरचं लाकूड पाण्यानं आणि शेणानं काळवंडलेलं, पण एका सुताखाली, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाखाली, सोनेरी तपकिरी निघालं. छिलके काचेच्या पेल्यात टाकले, वर बोअरचं पाणी. अर्ध्या तासानं पाणी कोऱ्या चहासारखं झालं. मग मिस्त्री पेला घेऊन उन्हात गेले, मागे काळी छत्री धरली आणि मला म्हणाले, "आता बाजूनं पाहा."

पाण्याच्या काठाला निळी झाक होती. मोराच्या मानेवर असते तशी, पेला हलवला की सरकणारी. हे बिजाचं लक्षण. दुसऱ्या कुठल्या इमारती लाकडानं पाणी असं निळं चमकताना आपण पाहिलं नाही, असं मिस्त्री म्हणाले, आणि त्यांची पन्नास वर्षं या बाजारात गेली आहेत. मधुमेहावर म्हणून बिजाचे पेले विकतात ते हेच लाकूड.

भिवापूरच्या त्या म्हाताऱ्यानं नुसत्या आवाजावरून ओळखलं होतं.

२४ जानेवारी

आज काम केलं नाही. काल चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली. मिरची तोडायला नदीपलीकडे निघालेल्या बायका होत्या. पलीकडे चंद्रपूर जिल्हा, पुलानं गेलं तर लांबचा फेरा, रोज मजुरी बुडते. म्हणून पाण्यातून जायचं.

आमच्या घरात डोंग्याबद्दल बोलताना हे कधी वगळत नाहीत. आबाजी आम्हा पोरांना काठावर उभं करायचे आणि आधी उलटायला शिकवायचे. कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम डोंगा पालथा करायचे, मग त्याला धरून कसं राहायचं ते दाखवायचे. त्याआधी डोंगा ढकलायची बल्ली हातात मिळत नसे.

४ फेब्रुवारी

मामा आला. पिशवीत वाळलेले शिंगाडे आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक मरळ. शेडमध्ये आल्या आल्या डोंग्याच्या पुढच्या टोकाला हात लावून नमस्कार केला, मग पालथा करायला सांगितला. आज जे लिहिते आहे ते त्यानं बोट ठेवून सांगितलेलं आहे.

उजव्या काठावर मध्यापासून थोडं मागं, करंगळी बसेल अशी खाच. मला वाटायचं मुद्दाम कोरलेली असेल. ती दोरीनं पडली आहे. उभं जाळं रात्री लावायचं आणि पहाटे ओढायचं, ते नेहमी उजव्या हाताला. भिजलेली दोरी रोज त्याच जागेवरून घसरत आली. "दोरी बदलली का, खाच नाई बदलली," मामा म्हणाला.

पुढच्या बाजूला आत, तळावर हातभर लांबीचा काळा डाग. थंडीच्या रात्री मडक्यात निखारे ठेवून डोंग्यात न्यायचे. त्याच्यावर हात शेकायचे, आणि भूक लागली तर त्यावरच मासा भाजायचा. खाली चिखलाचा थर देत, पण एकदा मडकं फुटलं. डाग त्या रात्रीचा. पाणी हातभर अंतरावर होतं म्हणून वाचले.

मागचं टोक घासून गुळगुळीत झालेलं आहे, मध्ये किंचित खोलगट. ही शिंगाड्याची जागा. शिंगाड्याची तोड आश्विनात सुरू होते आणि थंडी चांगली पडेपर्यंत चालते. वेल पाण्यावर पसरलेली असते, फळं पानांच्या गुच्छाखाली लोंबतात. डोंगा हळूहळू सरकवायचा, एक एक गुच्छ उलटा करायचा, पिकलेली तोडायची, कोवळी ठेवायची आणि वेल पुन्हा होती तशी पाण्यावर पसरायची. सात-आठ तास एकाच जागी बसून. ओल्या धोतरानं लाकडाला पॉलिश केलं आहे. मिस्त्रींनी त्यावरून तळवा फिरवला आणि म्हणाले, असा हात यायला मला तीन वेगवेगळ्या नंबरांचे पॉलिश पेपर लागतात.

डाव्या भिंतीत एक लोखंडी कडी. घाटावर बांधायला तर होतीच, पण रोवणीच्या दिवसांत तिचा दुसरा उपयोग. तलावापलीकडच्या बांध्यांत पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, पोचवायचे तर पाळीवरून, तलावाच्या बांधावरून, डोक्यावर नेण्यापेक्षा डोंग्यातून सोपं. पेंढ्या भरलेला डोंगा कडीला दोरी लावून काठाकाठानं ओढत नेत. आजीही असंच बाजाराचं सामान आणायची. माझ्या आईच्या जन्माच्या वेळी सुईणीला याच डोंग्यातून रात्री अलीकडे आणलं होतं, हे आईनं मला सांगितलेलं होतं, पण डोंगा हाच होता हे आज कळलं. गणपती खोल पाण्यात न्यायलाही हाच. गावात डोंगे पाच, पण मूर्ती उभी राहील असा सपाट तळ याचाच.

आणि बाहेरच्या बाजूला तळावर अंगठ्याएवढ्या गोल खुंट्यांच्या तीन ओळी. मिस्त्री त्यांना जुनी डागडुजी समजत होते. मामा हसला. खोड कोरायच्या आधीच बाहेरून ठरावीक खोलीची भोकं पाडून त्यांत गडद लाकडाच्या खुंट्या ठोकतात. मग आतून वाकसानं तासत यायचं. खुंटीचं टोक दिसलं की तिथं थांबायचं, म्हणजे तळ कुठेही पातळ पडत नाही. वाकसाला मामा बसुला म्हणतो. मोजपट्टी नव्हती, आणि आजही मला कॅलिपर लावून तळात कुठेही पाव इंचापेक्षा जास्त फरक सापडला नाही. एका झाडाच्या पोटात बसून न दिसणाऱ्या जाडीचा अंदाज घेण्याची ही युक्ती जगात इतरही ठिकाणी एकाच खोडाच्या होड्या करणाऱ्यांनी वापरली आहे. मी दुपारभर त्या खुंट्यांचे नकाशावर गोल काढत बसले. एकूण २७.

शेवटी मी दाखवलेली खूण. डाव्या काठाची आतली कड चार फुटांपर्यंत वितळल्यासारखी गोल झाली आहे. मामा म्हणाला, "ते आपल्या कपिलीचं काम." कुटारात मीठ घालायचे. मीठ लाकडात मुरलं, आणि गायीनं वीस वर्षं ती कड चाटली.

१८ फेब्रुवारी

मिस्त्रींनी विचारलं, इतकी मेहनत करता, तर नवाच का नाही करून घेत? उत्तर लिहून ठेवते, कारण हे गावातही विचारतात.

एवढ्या घेराचा बिजा आता कुठे आहे? दोघांच्या कवेत न मावणारं खोड हवं, सरळ वाढलेलं, पोकळ नसलेलं. तसं झाड दिसलं तरी ते तोडता येत नाही आणि तोडूही नये. महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम १९६४ चा आहे, साग, मोह, आंबा सगळ्यांना परवानगी लागते. काटेसावर हलकी, कोरायला मऊ, तिचे डोंगे पूर्वी खूप व्हायचे, पण ती तीन-चार पावसाळ्यांत कुजते. म्हणून आता पत्रा, फायबर, ट्रॅक्टरची ट्यूब, थर्माकोलच्या लाद्या. मामाच्या पत्र्याच्या डोंग्याचा आकार मात्र हुबेहूब हाच आहे. वेल्डरला दाखवायला आबाजींचाच डोंगा नेला होता.

करणारा माणूसही राहिला नाही. गावातला शेवटचा डोंगा कोरणारा मामाच्या लहानपणीच वारला.

१० मार्च

काम थांबलं आहे, मिस्त्रींकडे लग्नसराईचे पलंग आहेत. वाचन केलं.

नेदरलँड्समध्ये १९५५ साली महामार्गाच्या कामात पेस्से गावाजवळ एक कोरलेलं खोड सापडलं. पाइनचं, लांबी २९८ सेंटिमीटर, रुंदी ४४. काळ इसवी सनापूर्वी आठव्या सहस्रकाच्या आसपासचा. जगात सापडलेली ही सगळ्यात जुनी होडी मानतात. पण काही अभ्यासकांना शंका होती की ही होडी नसून जनावरांना खायला घालायचं पात्र असावं. शेवटी २००१ मध्ये तिची हुबेहूब प्रत करून पाण्यात घातली आणि वल्हवून पाहिली. चालली.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तशीच बसले. आमचा डोंगा दोन्ही होता. आमच्या भाषेनं तर दोन्हींना एकाच कुळात ठेवलं आहे. संस्कृतात द्रोणी म्हणजे लाकडी कुंड आणि होडीही. मराठीत गुरांना पाणी पाजायची ती डोण. कन्नडात दोणी आणि तमिळ-मल्याळममध्ये तोणी म्हणजे होडी. पाणी आत ठेवायचं की बाहेर, एवढाच फरक.

प्लिनीनं पहिल्या शतकात लिहून ठेवलं आहे की मलबारातली मिरी बंदरापर्यंत एकाच झाडातून कोरलेल्या होड्यांनी येते. रोमच्या जेवणातली मिरी अशा डोंग्यात बसून निघायची, हे मामाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मंग त्यायच्याही काठाले खाच पडली असन."

९ एप्रिल

पाडवा. गुढी उभारून शेडवर गेले. लांबूनच दिसलं. पुढच्या टोकापासून तळात सव्वा दोन फूट लांबीची चीर. परवा नव्हती.

१४ एप्रिल

लाकडाच्या व्यापाऱ्याकडून ओलावा मोजायचं यंत्र पुन्हा मागून आणलं. जानेवारीत मोजलं होतं तेव्हा तळाशी २४ टक्के, काठाला ११. आज तळ १३, काठ ७. नागपूरचा कोरडा उन्हाळा लाकडातलं पाणी अक्षरशः शोषून घेतो आहे.

हे आधी समजायला हवं होतं. साधारण २८ ते ३० टक्क्यांच्या वर लाकडातलं पाणी कमी-जास्त झालं तरी आकार बदलत नाही. त्याच्या खाली आलं की लाकूड आक्रसायला लागतं, आणि तेही सगळीकडून सारखं नाही. वाढीच्या कड्यांच्या दिशेनं ते जवळपास दुप्पट आक्रसतं. खोडाच्या मधोमध गाभा असेल तर हा ताण कुठेतरी फुटूनच बाहेर येतो. आमच्या डोंग्यात गाभा तळात आलेला आहे, टोकाला कड्यांचा मध्यबिंदू स्पष्ट दिसतो. चीर बरोबर त्याच रेषेत गेली.

मामाला विचारलं, तलाव आटला की तुम्ही काय करायचे? तो म्हणाला, आम्ही डोंगा बुडवत होतो. उरलेल्या पाण्यात दगड भरून तळाशी बसवायचा, मृगापर्यंत तसाच. उन्हाळ्यात डोंगा वर दिसला तर त्या घरच्या माणसाला गावात बोलणी बसत.

गोठ्यातही तो टिकला, कारण खाली ओल होती, शेण होतं, सावली होती. मी त्याला टिनाच्या छपराखाली आणून ठेवलं.

आजपासून ओली पोती. तळावर आणि आतून ज्यूटची पोती अंथरली, दिवसातून चार वेळा पाणी. वर कूलर लावला आहे, मिस्त्रींच्या पोराला बिलाचे पैसे देईन असं सांगितलं. दोन्ही टोकांना शेण-माती लिंपली. लाकूड टोकांकडून सगळ्यात जास्त वाळतं.

२८ एप्रिल

चीर थांबली. वाढलेली नाही. तोंड १ सूत मिटलंसुद्धा.

दुरुस्तीचा बेत असा. चिरेत लाकडाची पट्टी घट्ट ठोकायची नाही, कारण डोंगा पाण्यात फुगेल तेव्हा ती पट्टीच पाचर होऊन चीर वाढवेल. आत मऊ भरण हवं. सुतळी उकलून जवसाच्या तेलात आणि वितळलेल्या राळेत भिजवायची, बोथट पटाशीनं थरावर थर दाबायची. चिरेच्या आडवे डमरूच्या आकाराचे तीन तुकडे बसवायचे, म्हणजे ती पुढे जाणार नाही. डमरूसाठी लाकूडही बिजाचंच हवं, तुटलेल्या जुन्या दाराच्या चौकटीचं मिळालं.

गायीनं चाटलेली कड, दोरीची खाच, जळका डाग, यांतल्या कशालाही रंधा लागणार नाही. मिस्त्रींचा हात दोनदा त्या कडेकडे गेला. सरळ करून देतो म्हणाले. मी नको म्हटलं, त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

१२ मे

जवसाच्या तेलाचं एक लिहून ठेवायलाच हवं, दुसऱ्या कुणाच्या कामाला येईल.

शुक्रवारी संध्याकाळी तेलाचा पहिला हात दिला. पुसलेल्या चिंध्या मी एका बादलीत चुरगाळून टाकल्या आणि घरी आले. रात्री नऊला मिस्त्रींच्या पोराचा फोन. बादलीतून धूर येत होता. काडी नाही, विडी नाही, तार नाही. त्यानं बादली उचलून नळाखाली धरली. शेजारी सागाचा भुसा पोत्यांत भरून ठेवलेला होता.

जवसाचं तेल पाण्यासारखं उडून सुकत नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते घट्ट होतं आणि त्यात उष्णता निर्माण होते. लाकडावर पातळ हात असेल तर ती उष्णता हवेत निघून जाते. चिंध्यांच्या बोळ्यात ती कोंडते, वाढत जाते, आणि शेवटी कापड पेटतं. त्यात शेडमध्ये ४३ अंश. आता चिंध्या दोरीवर एकेरी वाळत घालते किंवा पाण्यानं भरलेल्या डब्यात बुडवते. चूक माझी होती, मिस्त्रींची आयुष्यभराची कमाई त्या शेडमध्ये आहे. त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी पाणी दिलं, बसवलं, आणि पुढच्या हाताला तेल कमी घे म्हणाले.

२६ मे

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. दुपारी शेडमध्ये उभं राहवत नाही. सकाळी सहा ते नऊ काम. डमरू बसले, तिन्ही. भरणाचे चार थर झाले. पोती सकाळी सातला ओली केली तर नऊला कडक.

९ जून

मृग लागून दोन दिवस झाले, आभाळ नुसतं भरून येतं.

भाराचा हिशेब केला. वरून पाहिलं तर डोंगा पाण्याची जेवढी जागा अडवतो, त्यावरून दर इंच बुडायला साधारण ४५ किलो लागतात. म्हणजे स्वतःच्या १८० किलोंनी तो ४ इंच बसेल. दोन माणसं, जाळं आणि मासळी मिळून १६० धरले तर आणखी साडेतीन. काठ पाण्याच्या साडेआठ इंच वर राहील. हे दिसायला भरपूर आहे आणि इथंच माणूस फसतो. तिसरा, चौथा, पाचवा बसला तरी डोंगा तरंगतच असतो. बुडायच्या आधी तो उलटतो.

का उलटतो, हे मी आबाजींच्या शिकवण्याशी जोडून पाहिलं. पूर्ण गोल ओंडका पाण्यात कितीही फिरवला तरी पाण्याचा वर ढकलणारा जोर त्याच्या मध्य-अक्षातूनच जातो. आपला भार त्या अक्षाच्या खाली असेल तोवर ओंडका स्वतःच सरळ होतो, वर गेला की उलटतो. बसलेल्या माणसाचा भार कमरेजवळ, उभ्याचा बेंबीच्या उंचीवर. म्हणून तळ सपाट तासतात, त्यानं तो बिंदू वर सरकतो. म्हणून आबाजी ओरडायचे, "बसून राय, बसून!" आणि म्हणूनच नदीवर जड सामान न्यायचं तर दोन डोंगे शेजारी ठेवून वर बांबू बांधतात. रुंदी वाढली की उलटणं अवघड होतं. माझी एक मैत्रीण भामरागड तालुक्यात शिक्षिका आहे. इंद्रावती, पर्लकोटा, पामुलगौतम या तीन नद्या तिथं एकत्र येतात. पावसाळ्यात तिनं अशा जोड डोंग्यावर मोटरसायकल चढवलेली पाहिली आहे, आणि स्वतः शाळेचं सामान घेऊन त्यावर बसली आहे.

हिशेबाच्या कागदावर शेवटी लाल पेनानं लिहिलं, तीन माणसं, बसून. हाच आकडा मामानं आधी तोंडी सांगितला होता.

२३ जून

एका ओळखीच्या माणसानं विचारलं, संग्रहालयाला देता का? चांगल्या मनानं विचारलं. सिव्हिल लाइन्समधल्या अजब बंगल्यात मी लहानपणी तासन्‌तास फिरलेली आहे, तिथं आमच्या लोकांची एखादी वस्तू असावी असं मलाही वाटतं. नकाशे, फोटो, खुणांची यादी, ध्वनिमुद्रण, हे सगळं कुणालाही देईन. पण एप्रिलमधली ती चीर मी पाहिली आहे. कोरड्या खोलीत, दिव्याखाली, दर उन्हाळ्यात थोडा थोडा.

एस्टोनियात सोमा नावाच्या भागात अस्पेनच्या खोडातून होड्या कोरतात, मग आग आणि पाण्यानं भिंती मऊ करून फाकवतात. युनेस्कोनं २०२१ मध्ये ते काम तातडीच्या संरक्षणाच्या यादीत घेतलं. यादीत होडी नाही घेतली, होडी करणं आणि वापरणं घेतलं. मामाला हे एकदम पटलं.

२८ जुलै

डोंगा गावाला परत. तलाव पाळीच्या वरच्या दगडापर्यंत भरला आहे. हा मालगुजारीच्या, म्हणजे जुन्या जमीनदारीच्या, काळातला तलाव. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, आज मासेमारीचा ठेका ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थेकडे आहे. पाळ मात्र तीच, आबाजींच्या आबाजींनी पाहिलेली.

मामीनं पुढच्या टोकाला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. आठ जणांनी उचलून पाण्यात सोडला. मामा एकटाच बसला, बल्ली मारली, वीस हात गेला आणि परत आला. डोंग्यात घोट्यापर्यंत पाणी. चिरेतून नव्हतं, ते भरण कोरडं होतं. मध्यभागी केसाएवढ्या सात-आठ भेगा, ज्या मला शेडमध्ये दिसल्याच नव्हत्या.

माझा चेहरा पडला असणार. मामानं शांतपणे डोंग्यात दगड ठेवायला सुरुवात केली. चौदा दगड. डोंगा काठाच्या खाली गेला, एक बुडबुडा आला, मग नुसतं पाणी.

"पाच दिवस पानी पिऊ दे त्याले," म्हणाला.

२ ऑगस्ट

मामाचा फोन. वर काढला. केसाएवढ्या भेगा मिटल्या. चार तास पाण्यावर ठेवला, आत अर्धा डबा पाणी.

१८ ऑगस्ट

शिंगाड्याची लावण. उन्हाळाभर ओल्यात ठेवलेल्या बियांची रोपं झाली आहेत. मामा छातीएवढ्या पाण्यात उभा, डोंगा शेजारी तरंगतो आहे, त्यात रोपांचा हिरवा ढीग. एक रोप घ्यायचं, देठ पायाच्या बोटांत पकडायचा आणि अंगठ्यानं चिखलात रुतवायचा. मी अकरा रोपं लावली, त्यांतली चार वर आली. मामा एका तासात डोंगा रिकामा करतो.

१७ नोव्हेंबर

सकाळी सहाला तलावावर. पाण्यावर धुकं. मी मागच्या टोकावर बसले, आबाजींच्या खोलगट जागेत, मामा पुढे. वेल उलटी केली की थंड पाणी कोपरापर्यंत येतं, आणि फळाचे काटे पहिल्या तासातच बोटांत शिरले. दुपारी दोनपर्यंत तीन पोती झाली. दोन पोती भंडाऱ्याला व्यापाऱ्याकडे. एक घरी, मामीनं मोठ्या गंजात उकडायला लावलं, साल काळं पडेपर्यंत. संध्याकाळी बस स्टँडवर नेईल.

परत येताना उभं जाळं ओढलं. दोरी आपोआप खाचेत जाऊन बसली. चार रोहू, एक मृगळ, थोडे झिंगे.

पाणी उपसायला जुना तेलाचा डबा कापून घेतला आहे. आजचं पाणी: दिवसभरात दोन डबे. मार्चमध्ये तलाव उतरायला लागला की बुडवायचा. दगड मामानं पाळीजवळ वेगळे काढून ठेवलेत.